बिनदाराची केबिन

५ जानेवारी

चि. ठकी हिस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. (सध्या एवढेच. उरलेले तुझी नोकरी पक्की झाल्यावर.)

तू दारांच्या कारखान्यात मॅनेजर झालीस हे तुझ्या आईकडून कळलं. तुझ्या आईला वाटतं तू अजून लहान आहेस. मला वाटतं तू अजून कच्ची आहेस. लहानपण आपोआप जातं, कच्चेपणाला मामा लागतो. म्हणून हे पत्र. फोनवर मी हे बोलणार नाही, कारण फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस आणि मागे मिक्सरचा आवाज येत असतो. कागदावर लिहिलेलं फायलीत जातं. तुझ्या नावाची फाईल मी आजच उघडली आहे.

आता मुद्दा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ठणकावून सांग, की माझं दार तुमच्यासाठी सताड उघडं आहे. मी पंख्यांच्या कंपनीत जनरल मॅनेजर होतो तेव्हा माझं दार कधी लागलं नाही. कुणीही यावं, काहीही बोलावं. आणि गंमत अशी, की लोकांना यायची गरजच पडायची नाही! मला आधीच कळायचं. कोण नोकरी सोडायच्या विचारात आहे, कुठल्या मशीनचं काहीतरी बिनसलंय, कोण कोणावर खार खाऊन आहे. लोक म्हणायचे, साहेबांना सहावं इंद्रिय आहे. मी नुसता हसायचो. इंद्रिय कसलं आलंय? उघडं दार, बस्स.

हल्ली आमच्या इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष आहे. माझ्याशिवाय पान हलत नाही. रोज संध्याकाळी मीटिंग.

कळावे. आणि कळलं की वळावेही.

तुझा मामा

ता. क. ठके, मी मामी. पत्र पेटीत टाकायला मीच जाते, तेव्हा पाकीट चिकटवायच्या आधी दोन ओळी खरडते. अभिनंदन गं! वेळेवर जेवत जा. मॅनेजर लोक जेवत नाहीत आणि मग दिसेल त्याच्यावर खेकसतात, हे मी फार जवळून पाहिलंय.


२२ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. खाली वाकून केलाय, पाठीत उसण भरलीय, मोजून घ्या.

आधी एक विनंती. कारखान्याच्या पत्त्यावर पाठवताना पाकिटावर 'ठकी' लिहू नका हो! रिसेप्शनच्या बाईंनी माईकवर विचारलं, "ठकी कोण आहे? ठकीचं पत्र आलंय." झाडून सगळ्या सुतारांनी माना वर केल्या. मी हात वर केला. आता माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको.

तुमचा सल्ला मात्र तंतोतंत पाळला. उलट एक पाऊल पुढे गेले. तुम्ही दार उघडं ठेवायचात, मी दारच काढून टाकलं! दाराच्या कारखान्यात बिनदाराची केबिन, आहे की नाही झकास? दार होतं मात्र देखणं. नवंकोरं, पॉलिशचा वाससुद्धा गेला नव्हता, वरच्या कोपऱ्यात बारीक वेलबुट्टी. दोन सुतार बोलावले आणि बिजागऱ्या खोलायला लावल्या. त्यातले म्हातारे काका डोळे पुसत होते. इथे सगळीकडे भुसा उडतो, गेला असेल. म्हटलं, "काका, चष्मा लावत जा." म्हणाले, "बरं मॅडम." इथे सगळेच 'बरं मॅडम' म्हणतात. किती गोड माणसं!

आता माझं दरबारी मंडळ. केबिनच्या बरोब्बर समोर मालकांचा मेहुणा बसतो. त्याला काम नेमकं काय आहे हे मालकांनाही ठाऊक नसावं. तो दिवसभर पेन्सिल तासतो आणि कोण कुठे गेलं ते बघतो. दुसरे आमचे उत्पादनप्रमुख. शिकलेला, टापटीप माणूस, शर्टाची इस्त्री अशी की त्यावर कागद कापावा. पण काहीही विचारा, "हो मॅडम." मी अजून वाक्य पुरं केलेलं नसतं आणि याचा होकार हजर. कारखान्यात त्याला होयबा म्हणतात. तोंडावर नाही, पण त्याला माहीत आहे.

आणि मालक म्हणालेत, सहा महिने बघू. एका नव्या हॉस्पिटलची यच्चयावत दारं आपल्याला करायची आहेत. ती वेळेवर आणि धड गेली तर मी राहिले. नाहीतर घरी माझी खोली अजून रिकामी आहे, अशी आठवण आई रोज करून देते. मामा, मला ही नोकरी हवी आहे. मस्करी सोडून सांगते, फार हवी आहे.

तुमची,
(पाकिटाबाहेर नव्हे, फक्त आत) ठकी


३ फेब्रुवारी

चि. ठकी हिस,

आशीर्वादांचा जादा हप्ता.

शाब्बास! दार काढून टाकायचं मला कधी सुचलं नाही. फाईलमध्ये तुझ्या पत्राला लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे.

तुझा तो होयबा म्हणजे लाखमोलाचा माणूस. त्याला जप. 'नाही' म्हणणारे गल्लोगल्ली सापडतात. माझ्या कंपनीतही सगळे मला 'हो'च म्हणायचे, आणि तरी एकही गोष्ट माझ्यापासून लपली नाही. एकदा पेंटिंग विभागातले सगळे एकदम राजीनामा देणार होते. कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी जेवताना मला आपलं सहज वाटून गेलं, की पेंटिंगवाल्यांना त्या वासाचा त्रास होत असेल. दुसऱ्या दिवशी मोठे पंखे बसवले. राजीनामे टळले! पंख्यांच्या कंपनीत पंखे नव्हते, हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कमिटीचं काम वाढलं आहे. मी नसतो तर या इमारतीचं काय झालं असतं कोण जाणे.

कळावे, नसेल कळलं तर पुन्हा वाचावे.

मामा

ता. क. पेंटिंगवाल्यांची गोष्ट वाचून मला ठसका लागला. तो भाग राहू दे. ते म्हातारे काका का रडत होते, विचारलंस का? नवंकोरं दार कुणी केलं होतं? आणि ह्यांच्या मीटिंगला हल्ली गार वारा फार असतो म्हणे, मफलर घालून जातात. बंद खोलीतली मीटिंग! असो. मामी.


१ मार्च

ती. मामा,

नमस्कार, उभ्याउभ्याच. घाईत आहे.

मामा, जादू झाली आहे! दार गेल्यापासून एक तक्रार नाही. माझ्या आधीच्या साहेबांकडे म्हणे दिवसातून पाचपंचवीस माणसं रडगाणी घेऊन यायची. माझ्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. सगळं आलबेल. मी चहाच्या वेळी बाहेर चक्कर मारते तेव्हा सगळे हसून गप्प होतात. आदर आहे हा!

मागच्या आठवड्यात सगळ्यांना बोलावून विचारलं, "हॉस्पिटलची दारं ठरल्यापेक्षा महिनाभर आधी देता येतील ना?" मालकांना ते फार आवडणार होतं, हे मेहुण्याने मला सुचवलं होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. होयबा सगळ्यात आधी म्हणाला, "हो मॅडम." मग सगळे म्हणाले, "बरं मॅडम." मी तिथल्या तिथे मालकांना फोन करून टाकला. मालक म्हणाले, "वा!" मालक सहसा 'वा' म्हणत नाहीत, असं मेहुणा म्हणतो.

फक्त होयबाचं काहीतरी विचित्र चाललंय. तो रोज माझ्या केबिनमध्ये स्टेपलर मागायला येतो. रोज! स्टेपलर घेतो, हातात धरून उभा राहतो, "मॅडम..." म्हणतो, मागे वळून बघतो, आणि "थँक यू मॅडम" म्हणून जातो. पाच मिनिटांनी परत आणून देतो. त्याच्याकडे स्टेपल करायला कागद तरी असतात का, देव जाणे. माणूस एवढा मोठा, पगार एवढा मोठा, आणि स्वतःचा स्टेपलर नाही. हसावं की रडावं?

मामी, तुझं ता. क. वाचलं. काकांना विचारायचं राहूनच गेलं. विचारते.

ठकी


९ मार्च

चि. ठकी हिस,

आशीर्वाद शिल्लक आहेत, काळजी नसावी.

महिनाभर आधी माल! मी तर खुर्चीतून उठून उभा राहिलो. याला म्हणतात नेतृत्व.

होयबाचं औषध सोपं आहे. साधनं मिळाली नाहीत की माणूस भटकतो. त्याला नवा स्टेपलर घेऊन दे. नुसता देऊ नकोस, चारचौघांत दे, टाळ्यांच्या गजरात. माणसाचा उत्साह कसा वाढतो बघ. हे पुस्तकात मिळायचं नाही.

कळावे, आणि स्टेपलर मिळावे.

मामा

ता. क. ठके, स्टेपलर देऊ नकोस! हे पत्र पोचायच्या आत दिला नसलास तर देऊ नकोस. सविस्तर लिहिते. मामी.


२० मार्च

ती. मामा,

नमस्कार.

स्टेपलर दिला. मामीचं ता. क. वाचायच्या आधीच दिला. तुमची अक्षरं मोठी आणि तिची मुंगीएवढी, त्याला मी काय करू? चांगला दणकट, निळा. सगळ्यांना गोळा केलं, छोटंसं भाषण ठोकलं, टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने सगळ्यात जोरात वाजवल्या. होयबाचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. कुणी स्टेपलर दिल्यावर माणूस इतका पांढराफटक पडलेला मी पाहिला नव्हता. "हो मॅडम," म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाला.

त्यानंतर तो केबिनकडे फिरकलेला नाही. जाता येता दिसतो. निळा स्टेपलर हातात, आणि नजर फरशीवर. सगळे हसतात, सगळे बरं म्हणतात, आणि मला आपलं वाटतं, मी लग्नघरात चुकून शिरलेली परकी बाई आहे.

दारं तयार आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ट्रक लागणार. मालक स्वतः येऊन नारळ माझ्याच डोक्यावर फोडणार, की डोक्यावर हात ठेवणार, ते तेव्हा कळेल.

ठकी


२४ मार्च

माझ्या बावळट बाळा,

हे पत्र मी ह्यांना न दाखवता लिहितेय. उत्तर शेजारच्या बाईंच्या पत्त्यावर पाठव, आपल्या घरी आलेली सगळी पत्रं हेच उघडतात.

अगं, रोज स्टेपलर मागायला कोण येतं? त्याला काहीतरी सांगायचंय! रोज सांगायला येतो, मागे वळून बघतो, समोर तो पेन्सिल तासणारा बसलेला दिसतो, की जीभ टाळूला चिकटते. यायला त्याच्याकडे एक निमित्त होतं. तू तेवढंही काढून घेतलंस, तेही टाळ्या वाजवून. धन्य आहे तुम्हा मामाभाचीची!

आता जे सांगते ते तुझ्या पोटात राहू दे. तुझ्या मामांचं सहावं इंद्रिय म्हणजे कंपनीतल्या आमच्या जुन्या क्वार्टरचं मागचं दार. साहेबांचं दार उघडं होतं ना, सताड उघडं, म्हणून तिथे कुणी मरायलाही जायचं नाही. सगळे माझ्याकडे यायचे. कुणी रिकामी बरणी परत करायला यायचं, कुणी सायकलला हवा भरायचा पंप मागायला. पेंटिंगवाले चौघे एकदम पंप मागायला आले होते, एकाकडेही सायकल नव्हती! मी त्यांना आत घ्यायची, दार लावायची आणि शेंगा सोलत बसायची. काही विचारायची नाही. विचारलं की माणूस 'काही नाही वहिनी' म्हणतो आणि उठतो. आपण गप्प बसलं, की थोड्या वेळाने तो आपण होऊन बोलतो. मग रात्रीच्या जेवणाला मी आमटी वाढता वाढता म्हणायची, "त्या रंगाच्या वासाने डोकं नाही का हो दुखत कुणाचं?" आणि सकाळी ह्यांना ते आपलं आपल्याला सुचायचं.

मला ह्यांचा राग नाही. वाईट माणूस असते तर मी कशाला सांगितलं असतं? ऐकलं की लगेच करायचे, हा ह्यांचा मोठा गुण. फक्त कुणाकडून ऐकलं ते ह्यांना कधी समजलं नाही.

तेव्हा आता शहाणपणा कर. जिथे दार असेल अशी जागा शोध. त्याला आत ने, दार लाव आणि तोंड मिटून बस. तुला ते अवघड जाईल, लहानपणापासून अवघड जातं. पण बस. आणि ट्रक लागायच्या आत बस.

मामी


२ एप्रिल

मामे, माझ्या सोन्यासारख्या मामे,

पत्र मिळालं आणि मी अख्ख्या कारखान्यात दार शोधत फिरले. दारांच्या कारखान्यात! दारं ढिगाने, पण सगळी भिंतीला टेकून उभी. मागे खोली असलेलं एकही नाही. शेवटी आठवलं, लाकूड वाळवायची भट्टी. मोठी खोलीच असते ती, गरम हवेची, फळ्या आत रचून ठेवतात आणि जाडजूड लोखंडी दार लावून घेतात. ती रिकामी होती. मी होयबाला म्हटलं, "चला, भट्टी तपासू." "हो मॅडम." मेहुणा पेन्सिल टाकून उठला. म्हटलं, "तुम्ही बसा, आत धूळ आहे."

आत गेलो, दार ओढून घेतलं. माझ्याकडे शेंगा नव्हत्या, म्हणून मी ओढणीला चिकटलेल्या ढलप्या काढत बसले. आणि गप्प. मामी, कसलं कठीण काम आहे गं हे! माझ्या जिभेला मुंग्या आल्या. तो उभा, हातात तो निळा स्टेपलर. एकदा घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मी ढलप्या काढतेय. शेवटी म्हणाला, "मॅडम, मला स्टेपलर नको होता."

मी नुसतं "हं" म्हटलं.

मग म्हणाला, "नाही."

मी वर बघितलं. त्यालाही बहुतेक आपल्याच आवाजाचं नवल वाटलं, कारण तो परत म्हणाला, "नाही मॅडम. नाही. ही दारं जायला नकोत." आणि मग जो सुटला! महिनाभर आधी माल द्यायचा म्हणून लाकूड भट्टीतून अर्धवट वाळलेलं बाहेर काढलं होतं. असं ओलसर लाकूड नंतर सुकताना पीळ खातं, आणि दार चौकटीत घट्ट अडकून बसतं. "हॉस्पिटल आहे मॅडम. आत पेशंट असेल, बाहेर नर्स असेल, आणि मधे आपलं दार असेल." म्हणाला आणि डोळ्यांना रुमाल लावला. भुसा नव्हता, मामी. भट्टीत भुसा नसतो.

मी विचारलं, मीटिंगमध्ये का नाही बोललात? म्हणाला, "चारचौघांत माझ्या तोंडून 'नाही' निघतच नाही. लहानपणापासून. घशात अडकतं. आधीच्या साहेबांना माहीत होतं. ते सगळ्यांसमोर 'हो' म्हणू द्यायचे आणि मग आत बोलावून दार लावायचे." आणि माझ्या केबिनमध्ये पाच मिनिटं जास्त उभं राहिलं की मेहुणा मालकांना कळवतो, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे मला सोडून.

आणि ते दार! ज्या दाराला मी पहिल्याच आठवड्यात हाकललं ते. इथली रीत आहे म्हणे, नवा साहेब येणार असला की सगळे विभाग मिळून त्याच्या केबिनचं दार करतात. सुट्टीच्या दिवशी येऊन. वेलबुट्टी त्या काकांनी कोरली होती. मी येऊन दारात पाय ठेवला आणि त्यांच्याच हातून ते उतरवायला लावलं, वर म्हटलं चष्मा लावत जा! मामी, मला तिथेच भट्टी पेटवून घ्यावीशी वाटली.

बाहेर यायला दार ढकललं, तर मेहुणा दाराला कान लावून उभा होता, तो थेट मागे जाऊन आपटला. एवढ्या जाड दारातून त्याला काही ऐकू आलं असेल तर शपथ. त्याला उठवायला होयबानेच हात दिला, आणि विचारलं, "स्टेपलर हवा होता का?"

मग तयार दारांपैकी एक दार नमुन्याच्या चौकटीत बसवलेलं होतं, तिथे मी गेले. ढकललं. हलेना. खांदा लावला, तरी हलेना. मागे सगळे गोळा झाले होते. विचारलं, "हे कधीपासून असं आहे?" काका म्हणाले, "बरेच दिवस झाले, मॅडम." मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?" सगळ्यांनी वळून माझ्या केबिनकडे बघितलं, जिथे दार असायला हवं होतं तिकडे.

मालकांना फोन केला. केबिनमधूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असा. एवढे दिवस बिनदाराची मिरवले, आता चारचौघांत 'नाही' म्हणायची पाळी माझीच होती. सांगितलं, ट्रक सोडणार नाही, लाकूड पुन्हा वाळवावं लागेल, दारं नव्याने करावी लागतील. मालक ओरडले, "सगळे हो म्हणाले होते ना?" म्हटलं, "मी विचारलंच असं होतं, की नाही म्हणायला कुणाला जागा नव्हती." ते म्हणाले, पक्क्या नोकरीचं आता विसरा. पण फोन ठेवल्यावर मागून कुणीतरी पाण्याचा ग्लास ठेवून गेलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मग हॉस्पिटलला फोन. तिथल्या मुख्य बाईंना भीतभीत म्हटलं, दारं उशिरा येतील. मनात म्हटलं, संपलं. तर बाई कुजबुजल्या, "किती उशिरा? दोन महिने करता का? अहो, आमच्या भिंतीच झालेल्या नाहीत! वरच्या साहेबांना सांगायची कुणाची छाती होईना." मामी, मी टेबलाखाली जाऊन हसले. उघडीच केबिन, दुसरं कुठे जाणार?

हॉस्पिटलचं कळल्यावर मालकांचा संध्याकाळी परत फोन. आपल्याला हे सुरुवातीपासून वाटतच होतं, म्हणाले. मला आणखी सहा महिने बघणार आहेत. बघू देत. तोवर मी इथे आहे.

काल काकांकडे गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर ते उठलेच. गोदामातून दार काढून आणलं, पुसलेलं, तेलपाणी केलेलं. इतके दिवस रोज पुसत होते म्हणे. बिजागऱ्या बसवताना मला म्हणाले, "मॅडम, उघडझाप करून बघा." मी केली. आवाजही येत नाही गं. लोण्यासारखं फिरतं.

आज सकाळपासून तीन माणसं येऊन गेली. एक रबर मागायला, एक पट्टी मागायला, आणि एक नुसताच आला. तिघांनीही आत आल्यावर आधी दार लावून घेतलं.

तुझी,
तोंड मिटायला शिकलेली ठकी

ता. क. मामांना काय लिहू? त्यांना वाटतंय स्टेपलरने काम केलं. मागच्या दाराचं मी कुणाजवळ बोलणार नाही, अगदी आईजवळही. तुझं पत्रही याच पाकिटातून परत पाठवतेय, इथे मेहुण्याच्या हाती लागायला नको.


१२ एप्रिल

ठकी,

तुझ्या मामीने तुला लिहिलेलं एक पत्र टेबलावर माझ्या चष्म्याखाली होतं. या घरातली पत्रं मी उघडतो, पण ते आधीच उघडलेलं होतं, त्यामुळे वाचण्यावाचून इलाज नव्हता.

पेंटिंगवाल्यांकडे सायकली नव्हत्या हे मला माहीत नव्हतं.

मी दोन दिवस आठवून पाहिलं. नवीन गोदाम, रात्रपाळीचा चहा, तो वेल्डर ज्याला मी वेळेवर रजा दिली म्हणून त्याच्या बापाची शेवटची भेट झाली. प्रत्येक वेळी ताटात आमटी होती.

एक माहिती हवी आहे. तुझा होयबा शेवटी बोलला असेल, तर पहिलं वाक्य बोलायच्या आधी त्याने काय केलं? बसला होता की उभा होता? पाणी प्यायला होता का? जरा तपशिलात लिही. फाईलसाठी नको आहे. फाईल बंद केली.

मामा


१५ एप्रिल

ठके,

तू ह्यांना उत्तर पाठवलं नसलंस तर आता राहू दे.

पत्र मीच चष्म्याखाली ठेवलं होतं. तू म्हणशील मामी भोचक. असू दे. इतकी वर्षं आमटी वाढता वाढता हळूच सांगितलं, यावेळी वाटलं सरळ सांगावं. पण सरळ सांगायची सवय मलाही नाही गं, म्हणून चष्मा.

दोन दिवस घरात मांजर मेल्यासारखी शांतता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मफलर गुंडाळून 'मीटिंगला' निघाले. दाराशी पोचले आणि परत फिरले. मी स्वयंपाकघरात होते. दारावर टकटक झाली. आमच्या संसारात स्वयंपाकघराच्या दारावर ह्यांनी कधी टकटक केली नव्हती, मी बिचकलेच. आत आले, मागे दार लावून घेतलं, आणि मफलर हातात पिळत उभे राहिले. मग म्हणाले, "घरात स्टेपलर आहे का?"

मी गॅस बंद केला, स्टूल पुढे सरकवलं आणि शेंगांची परात मांडीवर घेतली.

माझ्या मूठभर शेंगा सोलून झाल्या. मग बोलले. गेल्या वर्षीच कमिटीने ह्यांना अध्यक्षपदावरून काढलं होतं. सगळ्यांनी हात वर करून, एकमताने. मला सांगायची लाज वाटली म्हणून रोज संध्याकाळी मीटिंग सांगून बागेतल्या बाकावर जाऊन बसायचे. थंडीतसुद्धा. एवढं बोलले आणि परातीतल्या शेंगा सोलायला लागले. निम्म्या दाण्यांचा चुरा केला, तो मी चटणीला बाजूला ठेवला.

मला माहीत होतं, ठके. काढलं त्याच आठवड्यात इमारतीचा वॉचमन रिकामी पिशवी परत करायला आला होता. म्हणून तर मफलर विणला. पण हे सांगत होते तेव्हा मी सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.

मामी